मुलीला त्याच शाळेत घालू का?

सलाम गं.

जावईबापूंना झांबियातल्या मिशन शाळेचं मुख्याध्यापकपद मिळतंय, आवारातच घर आहे, लेक तिसरीत आहे, आणि तू विचारतेस, "मावशी, संसार नीट होईल ना? मुलीला त्याच शाळेत घालू का?" तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं. व्हिसा, लसी, पगार याची माहिती तुला कुठेही मिळेल. मी तेवढं सोडून लिहिते.

यांनाही असंच मुख्याध्यापकपद मिळालं आणि आम्ही जानेवारी 2012 मध्ये झांबियातच चिपाटाकडे आलो. राजधानी लुसाकापासून साडेपाचशे किलोमीटरच्या वर, मलावीच्या सीमेजवळ. मुलगा सात वर्षांचा होता. इथे तेव्हा पहिलीचं वय तेच होतं आणि वर्ष जानेवारीला सुरू होतं, म्हणून सोलापुरात पहिली अर्धी झालेली असूनही तो पुन्हा पहिलीत बसला. तुझ्या लेकीचंही असंच अर्धं वर्ष इकडेतिकडे होणार.

कागदांचं मात्र आजच ऐकून ठेव. मुलाच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा होता, कारण नोंद बारशाआधीची. यांचं आडनाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एका स्पेलिंगचं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. एका अक्षरासाठी राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्र, मुंबईच्या तीन खेपा. एका खिडकीवरच्या बाईंनी मला विचारलं, "नक्की नवरा तुमचाच ना?" चौदा वर्षं झाली, तो प्रश्न अजून घशात आहे. सगळ्या कागदांवरची नावं आत्ताच एकसारखी करून घे.

आणि तुझा स्वतःचा करार माग. मी यांच्यावर अवलंबून म्हणून आले, त्यामुळे पगार घेता येत नव्हता. काम मात्र माझंच होतं. वसतिगृहाच्या दीडशे मुलींचं कोठार, ताप, पाळी, घरून न आलेली फी, रात्री दोनला दारावरची थाप. मिशनमध्ये एकाला नेमतात आणि दोघांना राबवतात. प्रभूचं काम म्हणून मी ते आनंदाने केलं, आजही करते. 2022 पासून सरकारने शिक्षण बारावीपर्यंत मोफत केलं, तेव्हा ज्या मुली घरीच राहिल्या असत्या त्या बाकावर येऊन बसल्या, एका बाकावर चार-चार. त्यांच्यातल्या दोघी आता नर्स व्हायला शिकतायत. हे सोडून यावं असं मला एकदाही वाटलं नाही.

एकटेपणाचं विचारलंस. त्याला वेळच मिळत नाही. शेंगदाणा इथे उदंड, बायका उखळात कुटून पालेभाजीत घालतात. मी त्याच उखळात लसूण-तिखट घालून चटणी कुटते. ज्वारीही मिळते, भाकरी होते. कडक भाकरी काही आपल्यासारखी होत नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघंच रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणतो.

आता मुलाचं.

आवारात तो मला आई म्हणायचा नाही. मीच शिकवलं होतं, शाळेत मॅडम म्हणायचं, कारण वसतिगृहातल्या मुलींच्या आया इथे नाहीत. तो घरी जेवतानाही चुकून मॅडम म्हणायचा. मी हसायचे. दहा वर्षांचा असताना मोठ्या मुलांनी प्रयोगशाळेची काच फोडली. हा नुसता तिथे उभा होता. यांनी सगळ्यांच्या आधी ह्याला शिक्षा केली, सकाळच्या प्रार्थनेत, सगळ्यांसमोर, म्हणजे मुख्याध्यापकांनी पोराला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये. खरं काय ते मला माहीत होतं. मी दुसऱ्या रांगेत उभी होते आणि गप्प राहिले.

सातवीची परीक्षा झाली आणि डिसेंबर 2018 मध्ये आम्ही त्याला सोलापूरला सासूबाईंकडे ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, मराठी राहावी, दहावी तिकडची व्हावी म्हणून. चर्चच्या मंडळीतही तेच सांगितलं. खरं कारण असं की आम्हाला त्याच्यासाठी वेळ नव्हता. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

सोलापुरातल्या शाळेने जूनमध्ये त्याला आठवीऐवजी पुन्हा सातवीत बसवलं, मराठी वाचता येत नाही म्हणून. बाई वर्गासमोर म्हणाल्या, आईबाप परदेशात शाळा चालवतात आणि पोराला बाराखडी नाही. सासूबाईंनी संध्याकाळी पाटीवर बाराखडी गिरवून घेतली, चौदा वर्षांच्या मुलाकडून. 2020 च्या कायद्याने आता महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, तेव्हा लेकीची पुस्तकं सोबत आण आणि रोज अर्धा तास बस. नंतर बघू म्हणू नकोस. पुढे मार्च 2020 ला विमानं बंद झाली, आणि आम्ही त्याला जवळजवळ दोन वर्षं पाहिलं नाही. त्याचा आवाज फोनवरच फुटला.

माझ्या आजेसासूबाई सोलापुरात मिशनच्या बंगल्यावर होत्या. अमेरिकन मडमेची मुलं कोडाईकनालच्या शाळेत जायची. 1901 साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघालेली ती शाळा. मुलांना गाडीत बसवून मडम परत आली की दोन दिवस खोलीबाहेर यायची नाही, असं त्या सांगायच्या. ते ऐकताना आम्ही म्हणायचो, कसलं हे काळीज! परक्यांच्या पोरांना शिकवायचं आणि आपली लांब धाडायची!

म्हणून सांगते, घर आवाराबाहेर माग, भाडं लागलं तरी चालेल. लेकीला त्या शाळेत घालणार असाल तर जावईबापूंनी आधी लिहून द्यावं की तिच्याबद्दलचा कुठलाही निर्णय ते स्वतः घेणार नाहीत, उपमुख्याध्यापक घेतील. आणि दुपारी चारनंतर ती तुला आईच म्हणेल, कुणीही समोर असो.

निघण्याआधी एकदा आमच्या सोलापूरच्या घरी जाऊन ये. मुलगा तिथेच आहे, आता कॉलेजात. शनिवारी भेटतो. माझ्याशी तो बरा बोलतो, जेवलीस का, बाबांची शुगर किती, एवढं. त्यालाच विचार, लेकीला न्यावं की नाही. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं मला कळव.