गालिचा विणणाऱ्यांच्या मुलांची शाळा का सुटते?

प्रश्न : ताई, नवीन घरासाठी हाताने विणलेला गालिचा घ्यायचा म्हणतोय. पण कुणीतरी सांगितलं की उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरकडे आईबाप मागावर बसतात आणि पोरंही कामाला लागतात, शाळा सुटते. मग घ्यावा की नको? आणि त्या आईबापांना मुलांच्या शिक्षणाचं काहीच वाटत नाही का?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो वाचून मला वाईट वाटलं. वाटतं हो, खूप वाटतं. पण मजुरी बहुतेक कामाच्या मापावर असते, रोजावर नाही, आणि एका मोठ्या गालिच्याला महिनोन्‌महिने जातात. तोवर घर ठेकेदाराकडून घेतलेल्या उचलीवर चालतं, आपल्या ऊसतोड कामगारांसारखंच. उचल फिटायला हवी म्हणून आईसुद्धा मागावर बसते, मग धाकट्याला सांभाळणार कोण, तर थोरली मुलगी. तिची शाळा अशी सुटते, कुणी काढून टाकत नाही, आज नाही गेली, उद्या नाही गेली, आणि महिन्याभराने बाईंनी नाव घेतलं तरी ती वर्गात नसते. म्हणून मला वाटतं नुसती शाळा बांधून भागत नाही, मागाजवळ पाळणाघर हवं आणि मोठ्यांच्या हाताला नीट दर हवा.

लहान बोटांनीच बारीक गाठ येते असं जे सांगतात ते खोटं आहे. उत्तम गालिचे पिढ्यान्‌पिढ्या मोठी माणसं विणत आलीत. मूल स्वस्त पडतं, एवढंच.

कायदा काय म्हणतो तर १९८६ च्या बालकामगार कायद्यात गालिचा विणकाम बंदीच्या यादीत होतंच, २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली. पण शाळेची वेळ संपल्यावर घरच्या धंद्यात मदतीची सूट ठेवलीये, धोक्याची कामं वगळून. माग घरातच असेल तर आत काय चाललंय ते बाहेरून कळणार कसं, मला तरी ही सूट पटत नाही.

आता गालिच्याचं. घ्या, पण विचारून घ्या. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये भारतात रगमार्क सुरू झालं, म्हणजे बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्यांना मिळणारं लेबल, २००९ पासून त्याचं नाव गुडवीव. लेबलवर नंबर असतो, मागांवर न सांगता तपासणी होते, आणि परवान्याच्या पैशातला काही भाग मुलांच्या शिक्षणाला जातो. लेबल नसेल तर दुकानदाराला विचारा की हा कुठे विणला, कारखान्यात की घरी. नीट उत्तर देता येत नसेल तर मी तिथून घेणार नाही.

आणि एक, तुमच्या ओळखीत असं विणकर कुटुंब असेल, कामासाठी गाव सोडून आलेलं, तर त्यांना हे नक्की सांगा. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नाही. शाळा सुटलेल्या मुलालाही वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यावी लागते, आणि १४ वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत पूर्ण करता येतं. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. मुलाला कामाला जुंपलेलं दिसलं तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा, फुकट लागतो.