युरेनियमची मिल येणार म्हणतात, आधी काय बघायचं?

प्रश्न : आमच्या दिरांचं आंध्रात कडप्याला गलाईचं (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं) दुकान आहे, वीस वर्षं झाली, तिकडंच थोडी जमीन घेऊन बोअर मारलाय. आता जवळपास युरेनियमची खाण आणि मिल होणार अशी चर्चा आहे, जाऊबाई रोज फोनवर रडतात. परवानगी देताना सरकार काय तपासतं? आपण काय करायचं? – एक वाचक, विटा

उत्तर : ताई, तुमच्या घरात गलाई आहे म्हणजे मिल तुम्हाला पटकन कळेल. मुशीतून सोनं निघाल्यावर मागं इवलंसं उरतं, दुकानातली धूळपण आपण झाडून जपून ठेवतो. युरेनियमचं गणित उलटं. तिथल्या तुम्मलपल्लेच्या खाणीत हजार किलो दगडात अर्धा किलोपण युरेनियम नाही, मग तो दगड दळायचा, सोड्याच्या गरम पाण्यात (धुण्याचा सोडा असतो ना, तोच) युरेनियम उतरवून घ्यायचं आणि उरलेला सगळा गाळ तळ्यात सोडायचा. दगडातली साधारण ८५ टक्के किरणोत्सारिता त्या गाळातच राहते, त्यातलं रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. म्हणून प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात आधी तळ्याचं प्रकरण उघडा, तळाला अस्तर कसलं, खालून पाणी कुठं जातं, खाण बंद झाल्यावर राखण कोण करणार. तुम्मलपल्लेच्या तळ्याशेजारच्या गावांची तक्रार बोअरच्या पाण्याचीच आहे.

पर्यावरण मंजुरी दिल्लीतून मिळते, किरणोत्साराचं एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, बघतं. सप्टेंबर २०२५ पासून अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट आहे, मला हे अजिबात पटलेलं नाही, पण म्हणूनच परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीचे अर्ज दिसतात ती सरकारी वेबसाइट) नजर ठेवा आणि हरकत लेखी पाठवा. तपासणी म्हणजे नुसता शिक्का असं समजू नका, कॅनडात किगाविक खाणीला २०१५ मध्ये तिथल्या प्रकल्प तपासणाऱ्या मंडळाने नको म्हटलं, कारण कंपनी काम कधी सुरू करणार तेच सांगेना.

आणि दिरांना सांगा, काम सुरू व्हायच्या आधी बोअरचं पाणी तपासून घ्या, एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. मोटर दहा मिनिटं चालू द्यायची, मग बाटली भरायची. लॅबमध्ये "युरेनियम" असं स्पष्ट लिहून द्या, साध्या टेस्टमध्ये ते बघतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. तारीख घातलेला रिपोर्ट जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा, उद्या पाणी बिघडलं तर आधी कसं होतं ते त्यावरूनच दाखवता येईल.