जावा सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला नवा थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) काढतो. काही हजार थ्रेड झाले की मंदावतो, मग मेमरी संपल्याची एरर. रॅम वाढवू का?

रॅमला इतक्यात हात लावू नका. हीपमध्ये (जावाच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीत) जागा असताना 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' आलं, तर बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमनेच नवा थ्रेड नाकारलेला असतो. ६४-बिट लिनक्सवर जावा दर थ्रेडच्या स्टॅकसाठी (चालू फंक्शनच्या नोंदींच्या जागेसाठी) सहसा १ एमबी राखतो, पण ती नुसती पत्त्यांची जागा. खरी रॅम त्यातल्या वापरलेल्या पेजेसपुरतीच (मेमरीच्या छोट्या तुकड्यांपुरतीच) जाते. म्हणून आधी मर्यादा तपासा: यूलिमिट कमांडमध्ये दिसणारी युजरची प्रोसेस-मर्यादा (थ्रेडही तिच्यात मोजले जातात), कंटेनर असेल तर सीग्रुपची, म्हणजे लिनक्सच्या गटवार मर्यादांमधली पिड्स (प्रोसेस-थ्रेडच्या संख्येची) मर्यादा, आणि मेमरी-मॅपिंगची, म्हणजे एका प्रोसेसला किती मेमरी-पट्टे मिळतात याची मर्यादा. ही शेवटची सहसा ६५,५३० असते आणि एका जावा थ्रेडला साधारण दोन मॅपिंग लागतात, म्हणजे ३२ हजारांच्या आसपास गाडी अडते.

मंदावण्याचं कारण वेगळं. व्हीएमस्टॅट ही लिनक्स कमांड चालवून 'आर' कॉलम (चालू किंवा सीपीयूच्या रांगेतल्या थ्रेडची संख्या) बघा. तो सतत सीपीयूच्या कोअरच्या कित्येक पट असेल, तर थ्रेड सीपीयूसाठी रांगेत आहेत आणि कॉन्टेक्स्ट स्विच (एक थ्रेड थांबवून दुसरा चालवणं) व थंड पडलेली कॅश (सीपीयूजवळच्या मेमरीत हवा तो डेटा नसणं) यांत वेळ जातोय. 'आर' लहान असेल, तर बहुतेक थ्रेड कशाची तरी वाट बघताहेत. थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड आत्ता कुठे आहे याची यादी) घ्या. डेटाबेसची कनेक्शनं २० असतील, तर बाकीचे हजारो थ्रेड नुसते अडून बसलेले दिसतील.

मग थ्रेड किती हवेत? निव्वळ सीपीयूचं काम असेल तर सीपीयूचे कोअर असतील तितके. वाट बघण्याचं असेल तर सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले एकीला लागणारा वेळ: २०० × ०.२५ सेकंद = ५० थ्रेड, वर थोडी मोकळीक.

पूल (तेच ठराविक थ्रेड पुन्हा पुन्हा वापरणारा संच) करताना मात्र जपा. तयार मिळणाऱ्या फिक्स्ड पूलची रांग अमर्याद असते, त्यामुळे लोड वाढला की आता खरोखरच हीप भरतो. थ्रेडपूल-एक्झिक्युटर (जावाचा पूलचा क्लास) स्वतः बांधा आणि मर्यादित रांग द्या. तीही लहानच, कारण रांग पूर्ण भरल्याशिवाय तो कोअर-साइजच्या (पूलच्या मूळ थ्रेडसंख्येच्या) वर एकही थ्रेड वाढवत नाही. कोअर-साइज १०, कमाल २००, रांग १०,००० असं ठेवलंत तर दहाच थ्रेड राबत राहतात आणि लोकांना वाटतं पूल बिघडलाय. रांग भरल्यावर काय करायचं तेही ठरवा. कॉलर-रन्स पॉलिसीने काम पाठवणाराच थ्रेड ते काम स्वतः करण्यात अडकतो आणि आवक आपोआप कमी होते.

जावा २१ किंवा पुढचं असेल आणि काम मुख्यतः वाट बघण्याचं असेल, तर व्हर्च्युअल थ्रेड (थोड्या खऱ्या थ्रेडवर जावा चालवतो ते हलके थ्रेड) वापरा. त्यांचा पूल करू नका. डेटाबेसवरचा भार सेमाफोरने (एका वेळी किती जण आत जातील ते मोजणाऱ्या साधनाने) रोखा. २१ ते २३ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकच थ्रेड चालवू शकेल अशा कोडच्या) आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून ठेवतो. तिथे रीएन्ट्रंट-लॉक (जावाचा कुलपाचा दुसरा क्लास) घाला, किंवा थेट जावा २४ वर जा.