अल्फा कण दुरून दिसतात कसे?

प्रश्न : किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. मग मीटरभर अंतरावरून त्यांचा माग कसा लागतो? मोबाइलचा कॅमेरा चालेल का?

उत्तर : आपल्यापर्यंत कण पोहोचत नाही, त्याने हवेत पाडलेला उजेड पोहोचतो. अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी धातूचा ५.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा कण साधारण चार सेंटिमीटरांत सगळी ऊर्जा हवेला देऊन टाकतो. वाटेतले नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होऊन अतिनील प्रकाश सोडतात; ठळक रेषा ३३७ नॅनोमीटरची. रेडियमच्या उजेडाच्या वर्णपटातले नायट्रोजनचे पट्टे विल्यम आणि मार्गारेट हगिन्स या दांपत्याने १९०३ मध्येच ओळखले होते.

हा उजेड फार म्हणजे फारच मंद. एका कणामागे सुमारे १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. ३७ किलोबेकरेलचा, म्हणजे सेकंदाला ३७ हजार अल्फा कण सोडणारा सोर्स धरा. निम्मे कण मागच्या धातूत जिरतात. उरलेले सेकंदाला साडेअठरा लाख फोटॉन देतात. १ मीटरवरच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगात त्यांचा १,६०० वा भाग येतो, म्हणजे साडेअकराशे. ३३७ चा फिल्टर त्यातले चौथाई सोडतो, फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन टिपणारी नळी) त्याच्या चौथाई मोजतो. हाती उरतात सत्तरेक. २ मीटरवर अठराच. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला फिल्टर अतिनील प्रकाश आधीच अडवतो, त्यामुळे तो बाद.

बहुतेकांचा प्रयोग फसतो तो खोलीतल्या उजेडामुळे. उन्हात ३३७ भरपूर असतं. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची एक रेषा ३३४ वर, अगदी शेजारीच. म्हणून ट्यूब बंद, खिडक्या काळ्या कापडाने बंद. पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतं, पण फोटोमल्टिप्लायरला हाय व्होल्टेज देताना तोही विझवा. भर उजेडात व्होल्टेज दिलं तर नळी कायमची बिघडू शकते. पॉलिकार्बोनेटच्या खिडकीतून बघू नका, ती ३३७ गिळते, क्वार्ट्‌झ वापरा.

मोजलेलं खरं की खोटं, हे असं तपासा : सोर्सला चिकटून क्वार्ट्‌झची पातळ चकती ठेवा. अल्फा कण तिथेच थांबतात, खोलीतला प्रकाश मात्र आरपार जातो. आकडा धाडकन उतरला तर उजेड अल्फाचाच. सोर्सभोवती शुद्ध नायट्रोजन सोडला तर तो कित्येक पटींनी वाढतो, कारण रेणूंची ऊर्जा हिरावणारा ऑक्सिजन तिथे उरत नाही.

काही स्मोक डिटेक्टरांत अमेरिसियम असतं, पण यासाठी घरातला डिटेक्टर उघडू नका. परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतला सीलबंद सोर्सच वापरा.

प्रश्न : २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० निघालं. तसं काही या पद्धतीने सापडेल?

उत्तर : नाही. कोबाल्ट-६० मधून अल्फा नव्हे, गॅमा किरण निघतात. ते हवेत लांबवर जातात, त्यामुळे उजेड एका जागी साठत नाही. भंगाराच्या फाटकावर गॅमा डिटेक्टरच हवा.