वाचकांचे प्रश्न : पलंगावर पाय हलवून चालता येईल का?

प्रश्न : नमस्कार ताई, बाबा ६४ वर्षांचे आहेत, आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली होती. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात पण उजवा पाय घासत, पायातली चप्पल निघून मागे राहते तरी त्यांना कळत नाही. घरी फिजिओ येतात, शेक देतात, झोपवून पाय वरखाली करून घेतात, शेवटी दोन फेऱ्या मारल्या की झालं. नातेवाईक म्हणतात सहा महिन्यांत जे सुधारायचं ते सुधारलं, आता काही होत नाही. मी मात्र वाचलं की दम लागेपर्यंत चालवलं तर फरक पडतो. पण परत अटॅक आला तर? खूप घाबरायला होतं.

उत्तर : आधी त्या सहा महिन्यांचं बघू, कारण या एका वाक्याने किती पेशंट खुर्चीत बसवले असतील त्याची गणतीच नाही. सुरुवातीचे तीन ते सहा महिने सुधारणा झपाट्याने होते हे बरोबर आहे, पण त्यानंतर दार बंद होतं असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या न्यूरो फिजिओंची २०२० मध्ये एक गाइडलाइन आली, ती तर स्ट्रोक, मेंदूची किंवा मज्जारज्जूची इजा होऊन सहा महिने उलटून गेलेल्या लोकांसाठीच आहे. चालणं सुधारायचं असेल तर चालण्याचाच व्यायाम द्या आणि तो नाडी वाढेल इतका जोरात द्या, असं तिचं थोडक्यात म्हणणं.

आता तुमच्या बाबांचा तास बघा. त्यात ते प्रत्यक्ष चालतात किती? दोन फेऱ्या म्हणजे पन्नास-साठ पावलं झाली असतील. २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या सेंटर्समध्ये फिजिओच्या सेशनमधली पावलं मोजली होती तेव्हा सरासरी साडेतीनशेच्या आसपास निघाली आणि तीही फारच कमी आहेत असंच सगळे म्हणाले, कारण जोरात चालवणाऱ्या ठिकाणी एका सेशनला दोन हजारांच्या वर पावलं सहज होतात. झोपून पाय उचलायची प्रॅक्टिस केली की झोपून पाय उचलायला येतो, चालायला नाही. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं ना, तसंच आहे हे. शेकाने बरं वाटतं, वाटू दे, पण तासातली वीस मिनिटं त्यात घालवू नका.

जोरात म्हणजे किती, तर साधारण कमाल नाडीच्या (मिनिटाला जास्तीत जास्त जितके ठोके पडू शकतात त्याच्या) ७० ते ८५ टक्के. कमाल नाडी काढायला २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतात, बाबांची येते १६३ च्या आसपास, म्हणजे चालताना ११५ ते १४० मध्ये असायला हवी. पण थांबा, बीपीच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर असेल तर नाडी मुळात वरच जात नाही, मग हा आकडा गाठायचा हट्ट धरणं धोक्याचं होईल. अशा वेळी बाबांनाच विचारायचं. 'दम लागलाय, बोलता येतंय पण तुटक तुटक, गप्पा मारवत नाहीत' असं असलं की जोर बरोबर आहे.

सलग पाऊण तास जोर कुणालाच झेपत नाही, त्यामुळे तुकडे पाडतात. तीस सेकंद जमेल तितकं फास्ट, मग तीस ते साठ सेकंद थांबायचं, परत फास्ट. २०२३ मध्ये जुना स्ट्रोक झालेल्या ५५ लोकांवर असा एक अभ्यास झाला, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, १२ आठवडे. सहा मिनिटांत कापायचं अंतर या फास्ट गटात सरासरी ७१ मीटरने वाढलं, आणि मध्यम वेगाने सलग चालवलेल्यांचं २७ मीटरने. अर्थात तिथे ट्रेडमिल होती, पडू नये म्हणून वरून बांधलेला पट्टा (हार्नेस) होता, बाजूला माणसं होती, हे विसरू नका. घरात हे एकट्याने सुरू करायचं नाही.

तुमची भीती बरोबरच आहे, फक्त तिला कामाला लावा. आधी न्यूरो आणि हार्टच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की 'दम लागेपर्यंत चालवायचं आहे, चालेल का', ईसीजी, जमल्यास स्ट्रेस टेस्ट. रोज सुरुवातीला बीपी मोजा, बसल्या बसल्या १८० / ११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायामाला सुट्टी. छातीत दुखलं, चक्कर आली, अचानक जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं किंवा एक बाजू आणखी ढिली पडली तर लगेच थांबायचं, आणि शेवटच्या तिन्हीत बसून बघू म्हणायचं नाही, थेट हॉस्पिटल. कमरेला पट्टा बांधून तो धरायचा आणि उभं राहायचं उजव्या, कमजोर बाजूला.

आणि ती चप्पल आजच काढून ठेवा. मागून बंद, घट्ट बसणारे बूट घाला. आठवडाभराने उजव्या बुटाचं टोक बघा, घासून पांढरं पडलं असेल तर पंजा उचलला जात नाहीये, म्हणजे फूट ड्रॉप. मग घोट्याला स्प्लिंट लागेल का ते फिजिओला विचारा, काही जणांचा वेग नुसत्या स्प्लिंटने वाढतो.

पाय थोडा वाकडा पडला, कमरेतून गोल फिरवून टाकला म्हणून दर पावलाला टोकू नका बरं का. पडू द्यायचं नाही एवढं सांभाळा, बाकी अडखळून परत तोल सावरणं हीच तर प्रॅक्टिस. फिजिओ बदलायच्या आधी त्यांना एकदा विचारून बघा, कित्येकदा घरच्यांच्याच भीतीमुळे ते हळू घेत असतात.

प्रश्न : मिस्टर घरात काठीशिवाय चालतात, एका सेंटरने रोबोट मशीनवर चालवायचं मोठं पॅकेज सांगितलंय. घ्यावं का?

उत्तर : जे स्वतःच्या पायाने चालतात त्यांच्यासाठी नको. मशीन पाय उचलून देतं आणि माणूस आरामात लटकतो. वर सांगितलेली गाइडलाइनही अशांना रोबोट देऊ नका म्हणते. ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांची गोष्ट वेगळी, तिथे उपयोग होऊ शकतो. त्याच पैशात चांगल्या फिजिओची जास्त सेशन्स घ्या, त्यात जिने आणि ओबडधोबड रस्ता आला पाहिजे.

प्रश्न : आईला परवाच स्ट्रोक झाला. जितक्या लवकर तितकं चांगलं ना? आजपासूनच जोरात चालवू?

उत्तर : नाही, अजिबात नाही. २०१५ मध्ये २१०४ पेशंटांचा मोठा अभ्यास आला, त्यात पहिल्या २४ तासांतच उठवून जास्त वेळा, जास्त वेळ हालचाल करून घेतलेल्यांचा निकाल तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडा वाईटच निघाला. सध्या वॉर्डातले डॉक्टर सांगतील तेवढंच, थोडं थोडं उठवणं, बसवणं. जोराचा नंबर नंतर लागतो. तोवर घरच्यांनी एकच पाळा, उठवताना कमजोर हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो आणि मग तो दुखरा खांदा चालण्याच्याही आड येतो.