मार्चमध्ये नांदूरमध्यमेश्वरला मुक्काम: काय दिसेल, कुठे राहाल

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन मुलांना घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात तंबूत राहायचं म्हणताय, आणि तोवर पाहुणे पक्षी निघून गेलेले असतील अशी धास्ती आहे. खुशाल जा. जानेवारीतली गर्दी नसेल, पण मला स्वतःला मार्चच जास्त आवडतो.

परतीच्या प्रवासाआधी बदकं दिवसभर खाण्यात गुंतलेली असतात आणि नरांचे रंग ऐन भरात असतात. मुलांना भुवई बदक नक्की दाखवा. पावसाळ्याच्या शेवटी ही बदकं येतात तेव्हा नर-मादी दोघंही मातकट, ओळखता ओळखत नाहीत. मार्चमध्ये मात्र नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत उतरलेली पांढरी भुवई साध्या दुर्बिणीतूनही लख्ख दिसते. कमळपक्ष्याची लांब शेपटी मात्र आत्ता शोधू नका, ती विणीच्या हंगामात, पावसाळ्याच्या तोंडावर येते.

जाण्याआधी चापडगावच्या एखाद्या स्थानिक गाइडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा. गोदावरी-कादवा संगमावरचा हा जुना बंधारा. त्यात गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणकणीस माजलं आणि दलदल तयार झाली. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं ते हेच. पण बंधारा आजही सिंचनाचाच आहे, डावा-उजवा कालवा इथूनच निघतो. त्यामुळे आवर्तनाप्रमाणे, म्हणजे कालव्यांना पाणी सोडण्याच्या पाळ्यांप्रमाणे पाणी चढतं-उतरतं. उतरलं की उघड्या चिखलावर शेकाटे आणि तुतारी हे पक्षी उतरतात, चढलं की तेच पक्षी दुसरीकडे पांगतात.

पक्षी बघायचे सगळे मनोरे एका दिवसात उरकू नका. सूर्य पाठीशी राहील अशी एक जागा धरा आणि उजाडायच्या आधी जाऊन बसा. दहानंतर पाण्यावर झळा उठतात, मग महागड्या दुर्बिणीतूनही सगळं थरथरतं दिसतं. बसून राहिलात तर दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याला शिकार करताना बघायला मिळण्याची शक्यता असते. पंख किंचित वर उचलून तो पाणकणसावरून अगदी खालून तरंगत येतो. लगेच पांगलेले वारकरी, म्हणजे काळे पाणपक्षी, एकमेकांना खेटून काळा पुंजका करतात, आणि तो फार खाली आला की सगळे मिळून पाणी उडवायला लागतात. तो शोधत असतो कळपातून सुटलेला एखादा आजारी पक्षी.

आता तंबूचं. अभयारण्यात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. वनखात्याकडे राहण्याची काय सोय आहे ते आधी विचारा, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात राहा. उसाच्या कडेला अजिबात नको. निफाड तालुक्यात उसात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, आणि उरलेलं मटण-मासे बाहेर टाकू नका, त्या वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

पहाटे गारठा असतो, तेव्हा स्वेटर न्या. दुपारी ऊन चांगलंच भाजतं. कपडे खाकी किंवा मळकट हिरवे असू द्या.