इंचाला फूट

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या आर्किटेक्ट नाशिकच्या आहेत आणि स्वतः व्हीलचेअर वापरतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. पक्षाघातानंतर बाबा व्हीलचेअरवर आहेत. बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या. बऱ्याच विनवण्यांनंतर सोसायटीने त्या पायऱ्यांवर सिमेंटचा रॅम्प ओतून दिला. तो इतका उभा आहे की खुर्ची चढवायला मी आणि वॉचमन दोघं लागतो. उतरताना बाबा डोळे मिटून घेतात. सेक्रेटरी म्हणतात, "मागितलात, दिला. आता आणखी काय?"
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी आजपासून करायची गोष्ट. उतरताना खुर्ची उलटी करा. बाबांचं तोंड लिफ्टकडे, तुम्ही खालच्या बाजूला, आणि मागे बघत एकेक पाऊल. तोंड खाली करून उतरवलं तर माणूस पुढे घसरतो. बाबांची भीती खोटी नाही.

आता सेक्रेटरींचं. रॅम्पची लांबी तुम्ही कळवली नाहीत, पण पायऱ्यांवरच ओतलाय म्हणजे पाचेक फूट असणार. पायरी साधारण सहा इंचांची धरली तर तीन पायऱ्यांचे अठरा इंच. केंद्र सरकारच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार एकास बारा दिला आहे. आपले गवंडी आजही फूट-इंचात मोजतात, त्यांच्यासाठी हा हिशेब तोंडी होतो : इंचाला फूट. अठरा इंच चढायचंय, अठरा फूट लांबी. तुम्हाला दिलीय ती घसरगुंडी.

एवढी जागा सरळ मिळाली नाही तर रॅम्प वळवता येतो. नऊ फूट जा, पाच बाय पाचचा सपाट टप्पा घ्या, वळून उरलेले नऊ. खुर्ची वळवायला पाच फूट लागतातच. लिफ्टच्या दारापुढेही तेवढीच सपाट जागा ठेवायला लावा. ती नसली की एका हाताने चाक धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, हा खेळ मी बऱ्याच इमारतींत खेळते. बाबांचा एकच हात चालत असेल तर त्यांना तोही जमणार नाही.

रुंदी चार फूट. कठडा दोन्ही बाजूंना, त्याला तीस आणि छत्तीस इंचांवर असे दोन दांडे. "एका बाजूला पुरेल की" असं कुणीतरी म्हणणारच. बाबा उद्या काठी घेऊन चालायला लागले तर जाताना चांगल्या हाताला येणारा दांडा परतताना लुळ्या हाताला येईल, एवढंच त्यांना सांगा. आणि वर टाइल नको, कितीही छान दिसली तरी. ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवून घेतला की पावसाळ्यात चाक आणि पाऊल दोन्ही धरतं.

या सगळ्यात कुणाची तरी पार्किंगची जागा जाणार आणि खरं भांडण तिथेच होणार. म्हणून अर्जात नुसतं "रॅम्प द्यावा" लिहू नका. उतार, रुंदी, टप्पा, कठडा अशी मापं लिहा, सोबत साधं रेखाचित्र जोडा आणि सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घ्यायला लावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 44 नव्या बांधकामांबाबत कडक आहे. तुमच्या जुन्या सोसायटीत मात्र कोर्टापेक्षा सभा लवकर होते. रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लावायची नाही, हेही त्याच ठरावात घाला. कुणीतरी लावतंच.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी बाथरूमचं दार मोजा. फ्लॅटमध्ये ते बहुधा अडीच फुटी किंवा त्याहून अरुंद असतं, त्यात चौकट जागा खाते, आणि नेहमीची खुर्ची दोन फुटांहून थोडी जास्तच रुंद. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घेतलंत तर आतली जागा मोकळी होईल.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे, कॉलेजात शिकतो. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर पिवळ्या खाचांच्या फरश्या आहेत. त्यांच्यावरून काठी टेकत गेलो आणि थेट विजेच्या डीपीवर आदळलो. तक्रार कुठे करू?
— एक विद्यार्थी

उत्तर : जपानच्या ओकायामा शहरात 1967 मध्ये सेइइची मियाके यांनी या फरश्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवून घेतल्या. त्यांतल्या लांब रेघा म्हणजे 'चालत राहा' आणि गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. ज्याने रेघांची वाट डीपीत नेऊन सोडली त्याला त्या शोभेच्या वाटल्या असाव्यात.

सोबतच्या मित्राला जागेचा फोटो काढायला सांगा, जवळच्या दुकानाची खूण लिहा, आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 'सुगम्य भारत' ॲपवरही फोटो टाकता येतो. उत्तर आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जा. हक्क डावलल्याच्या तक्रारींची चौकशी राज्य आयुक्तांना करता येते. "ही मापं फक्त शिफारस आहेत" असं कुणी ऐकवलं तर सर्वोच्च न्यायालयाचा 8 नोव्हेंबर 2024 चा निकाल दाखवा. सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

प्रश्न : आजीला गुडघ्यांमुळे चालवत नाही. सिंहस्थात रामकुंडावर स्नान करायचंच म्हणते. नेऊ का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : न्या, पण 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अमृतस्नानांच्या दिवशी नको. त्या गर्दीत गाडी लांबच थांबणार आणि खुर्ची पुढे सरकणार नाही. सिंहस्थाची सुरुवात करणारं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, त्यामुळे हिवाळ्यातली एखादी आडवाराची सकाळ सहज मिळेल. ओल्या दगडी पायऱ्यांवर खुर्ची उतरवू नका. वरच्या कोरड्या पायरीवर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, दोघं जण हाताशी ठेवा आणि गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी कळशीने वर आणा. आजी "हे काय स्नान?" म्हणून रागावल्या तर पुरोहितांनाच बोलू द्या. पावसाळ्यात नेणार असाल तर गंगापूर धरणातून पाणी सोडलंय का ते निघण्याआधी बघा. पुराची पातळी ज्यावरून ओळखतात त्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं असेल तर घरीच थांबा.